काय लावलंय?

जळीत वॉर्डात नवा पेशंट आला की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असे. नाव, गाव, वय सगळं मागाहून. आधी, "काय लावलंय?" बरोबर आलेली सासू नाहीतर दीर सांगायचे, "काय नाही सिस्टर, जरा शाई लावली." कधी हळद. कधी टूथपेस्ट, बटाट्याचा कीस, अंड्याचा बलक, गेरू, तूप, कोरफड, आणि घरोघरी औषधाच्या डब्यात सापडणारं ते पिवळं मलम. एकदा तर चुलीतली राख.

मी मिरजेत नर्सिंग शिकले. मग नव्वदच्या दशकात एका जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात नोकरी केली, त्यातली चार वर्षं जळीत वॉर्डात. त्या चार वर्षांत माझं निम्मं काम लावलेलं पुसण्याचं होतं. शाई सगळ्यात वाईट. निळ्या थराखाली कातडी लाल आहे, पांढरी फटक आहे की काळवंडली आहे ते दिसत नाही, आणि ते दिसल्याशिवाय भाजणं किती खोल आहे हे डॉक्टरांना सांगता येत नाही. सलाईनमध्ये गॉझ भिजवून पुसत बसायचं. पेशंट ओरडतो, नातेवाईक आपल्याकडे अशा नजरेनं बघतात की जणू त्यांनी केलेला उपचार आपण पाण्यात घालतोय.

पाण्यात घालायलाच हवं होतं, हे मला कळलं ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर, आणि तेही सिडनीत.

इथं मी हॅरिस पार्कला एका भारतीय हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करते. नर्स असून स्वयंपाकघरात कशी, असं आपल्याकडची माणसं विचारतात. इथली विचारत नाहीत, कारण इथं निम्म्या लोकांची तीच कथा. इथलं रजिस्ट्रेशन, त्यासाठी इंग्रजीची परीक्षा, तिची फी, घरात दोन लहान पोरी. एक वर्ष पुढं ढकललं, मग दुसरं, आणि मग तो विषय घरात कुणी काढेनासं झालं. दुःख आहे का? आहे थोडं. पण त्यावर आज लिहायचं नाही.

हॅरिस पार्क म्हणजे शहराकडून येताना पॅरामाटाच्या आधीचं स्टेशन. उतरून विग्रम स्ट्रीटला लागलं की ओटा असलेली जुनी बैठी घरं दिसतात, आणि त्या घरांचीच हॉटेलं झालेली आहेत. ज्या खोलीत कुणाचं तरी बाळंतपण झालं असेल तिथं आता तंदूर आहे. वस्ती आधी लेबनीज लोकांची होती, त्यांचं मोठं चर्च अजून आहे. मग आपली माणसं आली, विद्यार्थी आले. आता रस्त्यावर पंजाबी, तेलुगू, गुजराती, नेपाळी सगळं कानावर पडतं, आणि शनिवारी संध्याकाळी एखादी मराठी आईसुद्धा पोराला "हात धर म्हटलं ना" म्हणताना ऐकू येते. या गावाचं नाव एका सर्जनवरून पडलं, हे मला फार उशिरा समजलं. जॉन हॅरिस, १७९० साली पलटणीबरोबर आलेला डॉक्टर. त्यानं १७९३ मध्ये इथली जेम्स रूस नावाच्या शेतकऱ्याची शेती विकत घेतली. रूस स्ट्रीटवर त्याचं घर अजून आहे, आमच्या हॉटेलापासून चालत जाण्याजोगं. डॉक्टरच्या नावाच्या गावात मी डॉक्टरकीच्या आधीचा धडा शिकले, एवढाच त्याचा संबंध.

तर धडा. इथं कायद्यानं कामाच्या जागी प्रथमोपचाराची सोय असावी लागते, म्हणून मालकांनी मला पॅरामाटाला एका दिवसाच्या कोर्सला पाठवलं. "बेन, तुम्ही तर नर्स, तुम्हाला सोपं." मालक गुजराती, मला बेन म्हणतात. मीही त्याच तोऱ्यात गेले. वर्गात दहाबारा जण, खाली रबरी पुतळे मांडलेले. शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, गरम तेल हातावर पडलं, पहिली गोष्ट काय कराल? मी हात वर केला आणि वॉर्डातलं सगळं सांगितलं: सलाईन, सिल्व्हर सल्फाडायझिनचं पांढरं मलम, पट्टी, टिटॅनसचं इंजेक्शन. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, हे सगळं हॉस्पिटलचं काम आहे, आणि पांढरं मलम तर नकोच, डॉक्टरांना जखम दिसत नाही. तुमचं काम नळ सोडायचं. वीस मिनिटं.

माझ्या मनात आलं, ही मला नळ सोडायला शिकवणार? पण पांढऱ्या मलमाबद्दल ती जे बोलली ते मला लागलं. शाईनं जखम झाकली जाते म्हणून मी चार वर्षं लोकांवर करवादले होते, आणि मलमानंही तेच होतं हा विचार माझ्या डोक्यात कधी आला नव्हता.

वीसच मिनिटं का, हे मी नंतर खोदून काढलं. भाजी उतरवून गॅस बंद केला तरी तवा तापलेला राहतो. शेवटची भाकरी आपण बंद गॅसवर शेकून घेतोच की. कातडीचंही तसंच. आग विझली, तेल पुसलं, तरी आत शिरलेली उष्णता काम करत राहते. १९५३ साली जॅक्सन नावाच्या ब्रिटिश सर्जननं भाजलेल्या जागेची तीन वर्तुळं मांडली. केंद्रातलं मेलेलं, ते परत येत नाही. बाहेरचं नुसतं लाल झालेलं, ते आपोआप बरं होतं. या दोहोंमधलं वर्तुळ कुंपणावर बसलेलं असतं. पुढच्या काही तासांत तिथलं रक्त चालू राहिलं तर जगतं, नाहीतर मरतं आणि जखम खोल जाते. वाहतं पाणी जे वाचवतं ते हे मधलं वर्तुळ. ब्रिस्बेनच्या संशोधकांनी डुकरांच्या कातडीवर, जी माणसाच्या कातडीच्या जवळ जाते, वेगवेगळा वेळ पाणी वाहतं ठेवून पाहिलं, आणि वीस मिनिटांचा आकडा पक्का झाला. लगेच केलं तर उत्तम, पण इथलं शिकवणं असं की भाजल्यानंतर तीन तासांपर्यंत कधीही सुरू केलं तरी उपयोग आहे. हे तीन तास लक्षात ठेवा, मी पुन्हा त्याकडे येणार आहे.

आता दिवाळीची गोष्ट. २०२३ मध्ये मोदी सिडनीला आले तेव्हा भाषणात त्यांनी हॅरिस पार्कच्या चाटचं आणि जिलेबीचं नाव घेतलं. ते दुकान आमचं नव्हे, पण त्यानंतर जिलेबी म्हटलं की सगळ्यांच्याच दारात रांग. दिवाळीच्या शनिवारी तर विग्रम स्ट्रीटवर पाय ठेवायला जागा नसते. आमच्या मालकांनी ओट्याच्या पुढं जिलेबीचा ठेला मांडला. कढई, पाकाचं पातेलं, दोन शेगड्या, वरून माळा. नळ आत, मागच्या सिंकला, म्हणजे तीसेक पावलं. मी सकाळी ते पाहिलं होतं आणि काही बोलले नाही. हे माझ्या खात्यात.

संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला लुधियान्याचा पोरगा नुकता उतरवलेला पाक आतून घेऊन येत होता. बावीस-तेवीसचा, अकाउंटिंग शिकणारा, शनिवार-रविवार आमच्याकडे. ओट्याच्या पायरीवर कुणाचं तरी मूल आडवं आलं. त्यानं मुलाला वाचवलं आणि पातेलं स्वतःकडे कलतं केलं. पाक त्याच्या उजव्या हातावर, मनगटापासून जवळजवळ कोपरापर्यंत. साखरेचा पाक पाण्यापेक्षा जास्त तापतो आणि पाण्यासारखा वाहून जात नाही, जिथं पडतो तिथं चिकटून भाजत राहतो. तो ओरडला नाही. नुसता हात पुढं धरून उभा राहिला, जणू हात दुसऱ्याचा आहे.

पुढची दोन मिनिटं मी विसरणार नाही. भारताची एकात्मता बघायची असेल तर भाजलेल्या माणसाभोवती उभं राहावं. नेपाळी पोरगा भांडी टाकून टूथपेस्ट घेऊन धावला. डोसामास्तर खरोखरच डोशाच्या पिठाचा डबा घेऊन आला, त्यांच्याकडे पीठ लावतात. मालकांनी बर्फाची बादली आणली. आणि खोटं कशाला सांगू, चार वर्षं जळीत वॉर्डात काढलेल्या, प्रथमोपचाराचं सर्टिफिकेट भिंतीवर लावलेल्या माझाही हात आधी हळदीच्या डब्याकडे गेला. डब्याचं झाकण हाताला लागलं तेव्हा भानावर आले.

"नळ!" मी ओरडले. मराठीतच. त्या क्षणी दुसरी भाषा सुचली नाही.

सिंकमध्ये तंदूरच्या सळया भरलेल्या. त्या खाली फेकल्या. पाणी मध्यम धारेवर, थेट जखमेवर आपटणार नाही असं, आणि हात खाली. बाही पाकानं भिजली होती. भिजलेलं कापड उष्णता धरून ठेवतं, म्हणून कात्रीनं ती खांद्यापासून उभी कापत आणली. कापड सुटत गेलं तिथं काढलं. मनगटाजवळ दोन बोटं जागा चिकटली होती, ती तशीच ठेवली. चिकटलेलं ओढायचं नाही, त्याबरोबर कातडी येते. साखर पाण्यात विरघळते हे त्यातल्या त्यात नशीब. तेल असतं तर ती सोय नव्हती.

मग कडं. उजव्या मनगटात पोलादी कडं, आणि नेमकं त्याच्याखाली पाक साचलेला. थोड्या वेळात हात सुजणार, आणि सुजलेल्या हातावर धातूची गोल वस्तू म्हणजे फास. वॉर्डात बायकांच्या पाटल्या आम्ही कटरनं कापल्या आहेत. बांगड्या, अंगठी, घड्याळ, पैंजण, कमरेचा करदोटा, जे घट्ट असेल ते सूज यायच्या आत काढायचं. पण कडं म्हणजे त्याच्या धर्माची खूण. "आंटी, ये नहीं उतारना," तो म्हणाला. भाजल्यापासून बोललेलं हे पहिलं वाक्य. मी जबरदस्ती केली नाही. म्हटलं, "उतारना नहीं बेटा, दूसरे हाथ में पहनना है." त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याखालीच भांड्यांचा साबण लावला, त्यानं दात आवळून कडं स्वतः ओढून काढलं आणि मी ते त्याच्या डाव्या हातात चढवलं. तो तेव्हा रडला.

मोबाइलवर वीस मिनिटं लावली आणि तिथंच उभी राहिले.

वीस मिनिटं फार मोठी असतात. दिवाळीच्या शनिवारी, बाहेर चाळीस माणसं रांगेत असताना, एकुलता मोठा सिंक अडवून वीस मिनिटं. पाचव्या मिनिटाला मालक आले, "बेन, नुसतं पाण्याखाली उभं करून काय होणार? काहीतरी लावा तरी." वाईट माणूस नाही तो. त्याला खरोखर वाटत होतं की आम्ही काही करत नाही आहोत. मला वाटतं गोम इथं आहे. लावणं दिसतं. हळद लावली की हात पिवळा दिसतो, शाई लावली की निळा, आणि लावणाऱ्याला आपण माया केली असं वाटतं. पाणी वाहून जातं. मागं काही दिसत नाही.

बर्फ मात्र मी परत पाठवला. बर्फानं रक्तवाहिन्या आवळतात, आणि ते मधलं कुंपणावरचं वर्तुळ जगायचं तर त्याला रक्त हवं. साधं नळाचं गार पाणी पुरतं. दहाव्या मिनिटाला पोरगा कापायला लागला. माझं जॅकेट त्याच्या पाठीवर टाकलं, कानटोपीसुद्धा घातली. कोर्समधल्या बाईंचं वाक्य होतं: जखम थंड ठेवा, माणूस गरम ठेवा. लहान मूल असेल किंवा अंगाचा मोठा भाग भाजला असेल तर याची दुप्पट काळजी, कारण अंगच गार पडलं तर ते निराळं संकट.

तीन शून्यांवर, म्हणजे इथल्या तातडीच्या नंबरावर, फोन मी पहिल्या दोन मिनिटांतच करायला लावला होता, काउंटरवरच्या आपल्या नाशिकच्या पोरीला. तिकडून आधी विचारतात, पोलिस, अग्निशमन की अँब्युलन्स. मग गाव, रस्ता, जवळचा चौक. इंग्रजी अडलं तर आपल्या भाषेचं नाव सांगायचं, दुभाष्या जोडून देतात. हे आपल्या कितीतरी आजी-आजोबांना माहीत नसतं. पोरगा मात्र कळवळून सांगत होता, "अँब्युलन्स मत बुलाओ आंटी, बिल आएगा." त्याची भीती पोकळ नव्हती. या राज्यात अँब्युलन्सचं बिल येतं. पण विद्यार्थी व्हिसाबरोबर जो आरोग्य विमा घ्यावाच लागतो त्यात तातडीची अँब्युलन्स धरलेली असते. त्यानं दर वर्षी त्याचे पैसे भरले होते आणि त्यात काय आहे ते एकदाही वाचलं नव्हतं. दुसरी भीती तो बोलला नाही, पण मला कळली: विद्यार्थ्यांच्या कामाला पंधरवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा, आणि हॉस्पिटलनं विचारलं तर? हॉस्पिटल ते विचारत नाही. भाजलेला हात घेऊन घरी लपून बसलेली पोरं मी इथं पाहिली आहेत, तिसऱ्या दिवशी पू झाला की दबकत विचारायला येतात. म्हणून हे लिहून ठेवते.

तळहात बोटांसकट म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का. मी मनात मोजलं, तीन. "किती टक्के?" हा वॉर्डातला दुसरा प्रश्न. बाहेर टक्के जास्त पडले की पेढे वाटतात. आमच्याकडे ऐंशी ऐकलं की सिस्टर मंडळी एकमेकींकडे बघायच्या नाहीत. तीन टक्के म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण हात, चेहरा, पाऊल, सांधा, गुप्तांग इथलं भाजणं टक्क्यांवर मोजत नाहीत, सरळ हॉस्पिटल. विजेचा धक्का, ॲसिड, धूर छातीत गेलेला, यालाही तेच.

वीस मिनिटं संपली तेव्हा क्लिंग रॅप काढला. वरचे दोन फेरे फेकून आतला स्वच्छ तुकडा घेतला आणि हातावर लांबीला ठेवला, पट्टीसारखा गुंडाळला नाही. सुजेला जागा हवी. पारदर्शक असल्यानं डॉक्टरांना उघडायच्या आधीच दिसतं, चिकटत नाही, आणि वारा लागायचा थांबला की वेदना एकदम उतरते. पोरगा म्हणाला, "अब ठीक है," आणि प्लॅस्टिकखाली फुगत चाललेल्या फोडांकडे पाहून पुन्हा गप्प झाला. फोड मी फोडले नाहीत. पाण्यानं फोड येतो असं आपल्याकडे म्हणतात, पण हा पाण्यानं आला नव्हता, भाजल्यानं आला होता.

गर्दीमुळं अँब्युलन्स कोपऱ्यावरच थांबली आणि दोघं जण बॅगा घेऊन चालत आले. त्यांनी दोन प्रश्न विचारले. किती वाजता भाजलं? किती वेळ पाणी? मी सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. काय लावलंय, असं कुणी विचारलं नाही.

वेस्टमीडच्या हॉस्पिटलात रात्र, मग काँकॉर्डच्या बर्न्स युनिटमध्ये तपासणीच्या फेऱ्या. या राज्यात मोठ्यांची अशी दोन युनिटं आहेत, काँकॉर्ड आणि रॉयल नॉर्थ शोअर, आणि मुलांचं वेस्टमीडच्या मुलांच्या हॉस्पिटलात. मनगटाजवळचा तुकडा खोल गेला होता, कड्याखालचा. बाकीचं कातडीचं कलम न लावता भरलं. सहा आठवड्यांनी तो परत आला, मूठ पूर्ण मिटत होती. मी ती दोनदा मिटवून घेतली.

दिवाळीच्या त्या रात्री घरी जाताना मला तो पोरगा आठवत नव्हता. वॉर्डातला एक चार वर्षांचा मुलगा आठवत होता. आंघोळीच्या बादलीत बंबातलं कढत पाणी आधी ओतलेलं, विसण घ्यायला आई वळली, तेवढ्यात तो बादलीत बसला. (बादलीत आधी गार पाणी घाला, मग गरम. एवढ्या एका सवयीनं आमच्या वॉर्डातल्या किती खाटा रिकाम्या राहिल्या असत्या.) शेजारणींनी सांगितलं, पाणी घालू नका, फोड येतील. मग शाईची अख्खी बाटली रिकामी केली, वाकळीत गुंडाळलं आणि जीपमधून निघाले. पोचायला दोन तास लागले. मी तेव्हा शाई पुसत होते आणि मनातल्या मनात त्या आईला बोल लावत होते. आता तो रस्ता डोळ्यांसमोर येतो. तो सगळा रस्ता कृष्णेच्या कालव्याच्या काठानं येतो. दोन तास, म्हणजे तिनाच्या आत. आणि आम्हीसुद्धा वॉर्डात त्याला पाण्याखाली धरलं नाही, कारण आम्हालाही कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही मलम लावलं.

वॉर्डातल्या स्टोव्हवाल्या बायकांबद्दल मी फार लिहीत नाही. "स्टोव्हचा भडका उडाला" असं नायब तहसीलदारांपुढच्या जबाबात किती वेळा ऐकलं, आणि बाहेर व्हरांड्यात कोण उभं असायचं, हे माझ्या पिढीच्या प्रत्येक सिस्टरला ठाऊक आहे. एवढंच सांगते की पदर पेटल्यावर त्यातल्या बहुतेक जणी पळाल्या होत्या. पळालं की वारा लागतो, ज्वाळा चेहऱ्याकडे चढते. थांबायचं, तोंड हातांनी झाकायचं, आडवं व्हायचं, लोळायचं. जवळ कुणी असेल तर त्यानं घोंगडी टाकायची, नायलॉनची चादर नव्हे, आणि आग विझताच घोंगडी काढून पाणी. माझ्या धाकटीला हे इथल्या प्राथमिक शाळेत बंबवाल्यांनी जमिनीवर लोळवून शिकवलं. ती घरी येऊन हॉलमध्ये लोळून दाखवत होती आणि मी हसत होते, मग हसवेना.

जुन्या माणसांना मी आता नावं ठेवत नाही. चुन्याची निवळी आणि खोबरेल घुसळून लावायची आजीची रीत होती. तसलंच चुन्याच्या निवळीचं आणि जवसाच्या तेलाचं औषध इंग्रज डॉक्टरही वापरत, त्याला कॅरन ऑइल म्हणत, स्कॉटलंडमधल्या कॅरनच्या लोखंडी कारखान्यावरून, कारण तिथले कामगार सतत भाजायचे. लावायची खोड आपलीच नाही. आणि आपल्याकडे पाणी होतं कुठं? २०१६च्या उन्हाळ्यात आमच्या मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. त्या लातूरच्या बाईला वीस मिनिटं नळ सोडून ठेव म्हणून कोणत्या तोंडानं सांगायचं?

या प्रश्नाचं उत्तर मला गेल्या मे महिन्यात मिळालं. इकडं संध्याकाळचे पाच, तिकडं दुपारचे साडेबारा. मिरजेहून धाकट्या बहिणीचा व्हिडिओ कॉल. कुकरची वाफ हातावर आलेली, मनगटाला लालभडक पट्टा. "ताई, काय लावू?"

"काही लावू नकोस. नळाखाली धर."

"नळाला पाणी उद्या सकाळी. टाकीचं आहे, पण ते उन्हानं तापलंय."

"माठ?"

माठ होता. खाली परात ठेवायला लावली, बांगड्या काढायला लावल्या, आणि भाचीला तांब्यानं माठातलं पाणी हळूहळू मनगटावर सोडायला सांगितलं. परातीत साचलं की ते बादलीत, बादलीतलं पुन्हा तांब्यात; कोमट लागलं की माठातलं नवं. मी फोन कपाटाला टेकवून इकडं कांदे चिरत बसले आणि दर दोन मिनिटांनी ओरडत होते, थांबू नका. बहीण कंटाळली, भाची वैतागली, शेजारच्या काकू टूथपेस्ट घेऊन आल्या आणि नाराज होऊन गेल्या. फोड आला नाही. वीस मिनिटांना मिळून एक बादली पाणी लागलं, आणि ते संध्याकाळी तिनं तुळशीला घातलं.